मिस्त्रींच्या नावावर टाकलेले सहा मिलीमीटर

चूक माझी होती. एवढं तीन शब्दांचं वाक्य चारचौघांत बोलायला मला चौदा महिने लागले. तेवढे दिवस आमच्या पॅटर्न शॉपचे मिस्त्री माझी चूक स्वतःच्या नावावर वागवत होते. ती त्यांनी मागून घेतली नव्हती. मी त्यांच्या अंगावर टाकली होती, आणि टाकताना आपण काय करतोय हे मला नीट माहीत होतं.

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत मी ड्रॉइंगं करतो. वय एक्कावन्न. डिप्लोमा केला तेव्हा ड्रॉइंग बोर्ड आणि टी-स्क्वेअर होता. आता दोन स्क्रीन आहेत आणि मान दुखते. आमचं काम ओतकामाचं. वाळूत पॅटर्न दाबून ठसा घ्यायचा आणि त्या ठशात वितळलेलं लोखंड ओतायचं. पॅटर्न म्हणजे लाकडाचा किंवा अॅल्युमिनियमचा नमुना. माझ्या ड्रॉइंगवरून तो मिस्त्री बनवायचे. पॅटर्न बरोबर तर त्यातून निघणारा प्रत्येक नग बरोबर, पॅटर्न चुकला तर प्रत्येक नग चुकीचा. म्हणून पॅटर्न मिस्त्रीशी सगळे सांभाळून बोलायचे. मालकसुद्धा त्यांना अहोजाहो करायचे, आणि आमचे मालक कुणाला सहजासहजी अहोजाहो करत नाहीत.

मिस्त्री मुरगूडचे, साठीला टेकलेले, सातवी शिकलेले. रोज एसटीनं यायचे. लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून पॅटर्न थोडा मोठा करावा लागतो. त्यासाठी त्यांची मोजपट्टीच वेगळी होती, तिच्यावरचा मिलीमीटर खऱ्या मिलीमीटरपेक्षा किंचित मोठा. ती पट्टी ते कुणाच्या हातात देत नसत. "ह्या पट्टीनं कापड मोजलंसा तर दुकानदाराचं दिवाळं निघंल," म्हणायचे आणि स्वतःच हसायचे.

आता माझी चूक सांगतो. एका पंपाचं आवरण काढायचं म्हटलं तर माझ्याकडे एक फाइल नसते, तीस-चाळीस असतात. प्रत्येक भागाची वेगळी, ते भाग जोडून दाखवणारी एक, आणि शिवाय कागदावर छापायच्या ड्रॉइंगच्या निराळ्या. ह्या फाइली एकमेकींना धरून असतात. जोडणीच्या फाइलमध्ये ते भाग नसतातच, ते कुठे ठेवलेत त्याचा पत्ता असतो. ड्रॉइंगचंही तसंच. भाग बदलला की ड्रॉइंगवरचा आकडा आपोआप बदलतो. त्या सोयीसाठीच तर आम्ही ते सॉफ्टवेअर घेतलं.

एका नव्या गिऱ्हाइकाला आमच्या जुन्या पंपासारखाच, थोडा वेगळा पंप हवा होता. अशा वेळी जुना प्रकल्प पुरता नकलून घेतात आणि नकलेत बदल करतात. नक्कल करायची नीट पद्धत आहे, सॉफ्टवेअरमध्ये तशी कमांडच असते. ती जोडलेली एकूण एक फाइल हुडकते, यादी दाखवते, नवी नावं विचारते आणि सगळे पत्ते नव्या जागेचे करून देते. त्याला वीस मिनिटं लागतात. मला घाई होती. मी सरळ जुना फोल्डर उचलला, दुसरीकडे पेस्ट केला, नाव बदललं आणि कामाला लागलो. फाइली नव्या घरी आल्या, पण त्यांच्या पोटातले पत्ते जुनेच राहिले. आपण घर बदलावं आणि रतिबाचं दूध जुन्याच दारात पडत राहावं, तसं. नव्या पंपासाठी मी एक बॉस, म्हणजे ज्याला पुढे भोक पाडतात तो उंचवटा, शहाऐंशी मिलीमीटरवरून ब्याण्णववर सरकवला. माझ्यासमोर नवा फोल्डर उघडा होता. बदलली ती जुन्या फोल्डरमधली फाइल.

नव्या पंपाचं काम झकास झालं. त्यालाही ब्याण्णवच हवे होते ना. त्यामुळे कुणाला काही कळलं नाही, मलासुद्धा नाही.

तीन महिन्यांनी जुन्या गिऱ्हाइकाची ऑर्डर परत आली. जुना लाकडी पॅटर्न कडांनी झिजला म्हणून मोडीत निघाला होता, नवा करायचं ठरलं. मी ड्रॉइंगची प्रिंट काढून पॅटर्न शॉपमध्ये पाठवली. दुपारी मिस्त्री प्रिंट घेऊन माझ्या केबिनमध्ये आले. चप्पल बाहेर काढूनच आत यायचे, कितीदा नको म्हटलं तरी.

"साहेब, ह्यो बॉस पुढं सरकलाय."

"कुठला?"

"ह्यो की. मागं मीच केलतं हे. तवा एवढं न्हवतं. शहाऐंशी का सत्त्याऐंशी, आसं कायतरी हुतं."

मी फोनवर होतो. फोनवर हात ठेवून मी म्हणालो, "मिस्त्री, त्याला किती वर्षं झाली? हात विसरतो, फाइल विसरत नाही. कागदावर आहे तेच करा."

"एकडाव बघून घ्या की उघडून."

"अहो, कागद त्यातूनच निघालाय. पुन्हा काय बघू?"

त्यांनी प्रिंटची घडी घातली. मग "बरं" म्हणाले आणि गेले. त्यांनी कागदावर होतं तेच केलं. जुनंच काम म्हणून पॅटर्न पास करताना मीही मोजमाप घेतलं नाही, नुसती सही केली. आणि पॅटर्न पास झाल्यावर मिस्त्रींनी ती प्रिंट फाडून टाकली. तो नियम माझाच होता. एकदा जुन्या कागदावरून कुणीतरी काम केलं होतं, तेव्हापासून मी पॅटर्न शॉपच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लावून ठेवलं होतं : पॅटर्न पास होताच कामाचा कागद फाडावा. मिस्त्रींनी तो नियम कधी मोडला नाही.

नग ओतले, साफ केले, गिऱ्हाइकाकडे गेले. आठवड्यानं सगळे परत आले. त्यांनी पाडलेलं भोक बॉसच्या कडेला पडत होतं.

सकाळी फोन आला तसा मी आधी कॉम्प्युटर उघडला. ड्रॉइंगवर ब्याण्णव. फाइल शेवटची कधी बदलली ते बघितलं. नव्या पंपाचं काम करत होतो त्या दिवसांतली तारीख होती. मी जुनी फाइल परत शहाऐंशी करणार, तेवढ्यात लक्षात आलं की तसं केलं तर नवा पंप बिघडेल, कारण दोघंही त्या एकाच फाइलला धरून आहेत. मग मी त्या दिवशी पहिल्यांदा ती कमांड वापरली. नवा प्रकल्प सगळ्या जोडलेल्या ड्रॉइंगांसकट वेगळा काढला. यादी वाचली, नावं दिली, पत्ते तपासले. मग जुन्या फाइलमध्ये शहाऐंशी टाकलं आणि सेव्ह केलं.

हे सगळं मी इतक्या बारकाईनं लिहितोय ते एवढ्यासाठी, की घाबरून हातून झालं असं मला म्हणता येणार नाही. पहिली चूक घाईत झाली होती. दुसरी करायला वीस मिनिटं लागली, आणि ती वीस मिनिटं मी अगदी मन लावून काम केलं.

अकरा वाजता मालकांनी सगळ्यांना पॅटर्न शॉपमध्ये बोलावलं. मोल्डिंगवाले, मशीन शॉपवाले, सुपरवायझर, पंधरा-वीस माणसं. मधल्या टेबलावर परत आलेला एक नग आणि शेजारी मिस्त्रींचा पॅटर्न.

"डिझायनर, ड्रॉइंग काढून आण," मालक मला म्हणाले. मला ते नावानं कधी हाक मारत नाहीत.

मी आणलं. शहाऐंशी.

मालकांनी कागद मिस्त्रींच्या पुढे सरकवला. मिस्त्रींनी चष्मा पुसला, कागद वाचला, उलटा करून पाठीमागंही बघितलं.

"मालक, मला दिल्याला कागद ह्यो न्हवं."

"मग तो कुठाय?"

"फाडला की. नियमच हाय तसा."

कुणीतरी मागं हसलं. मालक म्हणाले, "बरं झालं. सोयीचंच झालं."

तेव्हा मिस्त्री माझ्याकडे वळले. रागानं वळले असते तर मला सोपं गेलं असतं. त्यांना वाटत होतं मी आता बोलणारच. "साहेब, तुमी सांगा. मी तुमच्याकडं आलतो का न्हाय? बॉस सरकलाय म्हणून इचारलतं का न्हाय?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "विचारलं असेल. मला काही आठवत नाही."

मालक मला एवढंच म्हणाले की पुढच्या वेळी मोजून सही करत जा. मिस्त्रींना ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "वय झालं मिस्त्री तुमचं. आता नव्या पॅटर्नला हात लावू नका. जुन्यांची रंगरंगोटी बघा." तेही अहोजाहो करतच.

कोल्हापुरात माणसाला नाव पडायला वेळ लागत नाही. दुसऱ्या दिवशी चहाच्या टेबलावर कुणीतरी म्हणालं, "मिस्त्री, च्या किती घेणार? सहा मिली?" सगळे हसले. त्यात मीही ओठ हलवले. मग ते चालूच झालं. "मिस्त्री, टोपी जरा सहा मिली डावीकडं घ्या की." "अरं, भाकरी चौकोनी झाली काय वैनींची?" पाठीमागं तर त्यांचं नावच 'सहा मिली' पडलं. आठ-दहा दिवस मिस्त्रींनी जुन्या पॅटर्नना रंग दिला. मग एके दिवशी आपली पेटी उचलली आणि गेले. दुसरीकडे काम बघितलं असेल त्यांनी. पण एमआयडीसीत ह्या गल्लीचं त्या गल्लीला दुपारपर्यंत कळतं. नंतर कळलं, मुरगूडला पुतण्याच्या फर्निचरच्या दुकानात दारं-चौकटी करतात.

ते गेल्यावर मला स्वस्थता मिळेल असं वाटलं होतं. झालं उलटंच. मी एका जागी बसेनासा झालो. केबिनमधून उठून पॅटर्न शॉपच्या दारापर्यंत जायचो आणि काही काम नसल्यामुळे परत यायचो. गाडीला कुलूप लावलं का ते दोनदा बघायचो. घरचा सिलेंडर बंद आहे का, तीनदा. एका भाच्याच्या लग्नाची पत्रिका छापायला मदत करायची होती, तर मी तिच्यावरची तारीख-वार इतक्यांदा तपासली की बहीण वैतागून म्हणाली, "दादा, तू नुसता जेवायला ये, बास." आणि ऑफिसात मी जुने प्रकल्प एकामागून एक उघडायला लागलो. फाउंड्रीच्या पंधरा वर्षांतले सगळे. एकेकाचे पत्ते तपासायचे, कुठे नकलेचा पत्ता मूळ घरी जातोय का बघायचं, सापडला की ती कमांड लावून नीट वेगळा करायचा. असे आणखी चार सापडले. प्रत्येक सापडला की एक वाईट विचार यायचा, की हेही कुणाच्या नावावर गेलं असतं.

रविवारी मी गाडी काढायचो. बायकोला सांगायचो, जरा पन्हाळ्याकडे हवा खाऊन येतो. आणि जायचो दुसऱ्याच दिशेला, हायवेनं कागलपर्यंत. तिथून मुरगूडला रस्ता फुटतो. त्या फाट्यावर उसाचा रस प्यायचो आणि माघारी वळायचो. असं तीनदा झालं. तिसऱ्या वेळी रसवाला म्हणाला, "पावणं, दर खेपेला आर्ध्यातनं परतताय, पुढं काय वाघ बसलाय व्हय?"

त्याच आठवड्यात बायको एका सकाळी गहू निवडत होती. मी तिसऱ्यांदा उठून खिडकीपाशी गेलो तशी ती मान न उचलता म्हणाली, "अहो, पन्हाळ्याला जाणाऱ्या माणसाच्या खिशात कागलच्या पेट्रोल पंपाची पावती कशी असते?"

मी खिडकीची कडी उगाच काढून परत लावली.

"मनात काय आहे ते एकदा ओकून टाका. वर्ष झालं, मी बघतेय. दुसरी बाई आहे का?"

"नाही गं. म्हातारा मिस्त्री आहे."

ती हसली, आणि माझा चेहरा बघून थांबली. मग मी सगळं सांगितलं. सांगताना मी सॉफ्टवेअरपासून सुरुवात केली, फाइली कशा जोडलेल्या असतात, पत्ते कसे जुने राहतात. तिनं ते ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हे सगळं कळलं. पण त्यांनी विचारलं होतं ना तुम्हाला?"

"हो."

"आणि तुम्ही आठवत नाही म्हणालात."

"हो."

ती पुन्हा गहू निवडायला लागली. थोड्या वेळानं म्हणाली, "तुमच्या कॉम्प्युटरचं सोडा. तुम्ही खोटं बोललात." तिच्यापाशी एवढं सरळ होतं ते. मी वर्षभर ते फाइलींच्या भाषेत घोळवत होतो.

तरीही मी लगेच गेलो नाही. मला पुरावा लागत होता. त्यांच्यासाठी की माझ्यासाठी, कोण जाणे. त्याच सुमारास ऑफिसात नवा सर्व्हर आला आणि सगळे प्रकल्प तिकडे हलवायचे काम माझ्याकडेच आलं. दर महिनाअखेरीस एका वेगळ्या डिस्कवर सगळ्याची प्रत निघते, त्या डिस्कही काढल्या. एकीवर तो जुना पंप होता, चूक दुरुस्त करायच्या आधीचा. सगळ्या जोडलेल्या फाइलींसकट, पत्ते जागच्या जागी. ड्रॉइंग उघडलं. ब्याण्णव. ती प्रत पुसून टाकता आली असती. बोट त्या बटणापर्यंत गेलं होतं, हे लपवत नाही. मग प्रिंट काढली.

ह्या वेळी फाट्यावर थांबलो नाही. मुरगूडमध्ये विचारत विचारत गेलो. दुकानाच्या मागेच त्यांचं घर. ओसरीवर बुद्धाची छोटी मूर्ती, आणि अंगणात मिस्त्री एका दाराच्या चौकटीला रंधा मारत होते. त्यांच्या पत्नीनं तांब्या-पेला आणला. "पावणं, पाणी घ्या. कुठलं आपण?"

मिस्त्रींनी रंधा थांबवला नाही. "फाउंड्रीतलं साहेब हायती," म्हणाले.

बाईंनी माझ्याकडे बघितलं, पेला खाली ठेवला आणि आत गेल्या.

मी काय बोलायचं ते पाठ करून गेलो होतो. मी फक्त प्रिंट चौकटीवर ठेवली. त्यांनी हात पुसले, चष्मा लावला आणि कागद वाचला. बराच वेळ. मग त्या ब्याण्णववर बोट ठेवलं.

"म्हंजे मी इचारलतं."

"हो. विचारलं होतं."

"साहेब, मला आता आता वाटाय लागलं हुतं, की मी इचारलंच न्हाय. माझ्याच हातनं झालं आसंल आनी मीच मनात रचलं आसंल." ते खाली बसले. "जावई फोनवर म्हणतोय, मामा, डोळं तपासून घ्या. घेतलं तपासून. नंबर हाय तेवढाच हाय. मग म्हटलं डोळं न्हाय, डोस्कं गेलं. ही चौकट बगा. चारदा मोजली सकाळपास्नं. साधी दाराची चौकट."

मी म्हणालो, "मिस्त्री, मला माफ करा."

त्यांनी कागदाची घडी घातली आणि माझ्या हातात परत दिली.

"मला दावलंसा, बरं केलंसा. पण मला सहा मिली मी न्हाय म्हणत. म्हणणारी तिकडं हायती. त्यास्नी दावा."

"दाखवतो. मालकांना सांगतो, तुम्हाला फोन करतो."

"फोन नगं. सोमवारी मी येतो." मग पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघत म्हणाले, "मी तिथं नसताना काय सांगशीला, मला काय ठावं? मागच्या टायमाला तर मी हुतो."

निघताना पेला तसाच राहिला, ते पाणी पिण्याचं तोंड मला नव्हतं.

सोमवारी सकाळी मालकांच्या केबिनमध्ये गेलो. प्रिंट टेबलावर ठेवून सगळं सांगितलं. त्यांनी ऐकलं, कपाळ चोळलं.

"मिटलंय की ते. आता कशाला उकरतोस?"

"मिटलेलं नाही, मालक."

"तो म्हातारा केस करणार आहे काय?"

"नाही. ते गेटवर उभे आहेत."

मालकांनी खिडकीतून बघितलं. मिस्त्री गेटच्या आत, वॉचमनच्या खुर्चीशेजारी उभे होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट. वॉचमन बसा म्हणत होता, ते बसत नव्हते.

"आणि हे सगळ्यांपुढं सांगणार तू? उद्यापासून ही पोरं तुला काय म्हणतील, कळतंय का?"

"कळतंय."

"तुझ्या नोकरीचं मग बघू. आधी हे निस्तर." मग उठताना ते पुटपुटले, "मीपण म्हातारपण काढलं त्यांचं सगळ्यांदेखत." मोठ्यानं म्हणाले, "दहा मिनिटं. भट्टी थांबवणार नाही मी."

दहाचा चहा पॅटर्न शॉपच्या दारातच होतो. सगळे होते, त्या दिवशीचे बहुतेक तेच. मिस्त्री आत आले तसा एकजण सवयीनं म्हणाला, "आलं बघा सहा..." आणि मालक मागे दिसल्यावर पुढचं गिळलं. मिस्त्री टेबलापलीकडे उभे राहिले. हात मागे बांधलेले. माझ्याकडे बघत होते, पण त्या दिवशीसारखं नाही. ह्या वेळी त्यांना माझ्याकडून कसलीच अपेक्षा दिसत नव्हती.

मी प्रिंट टेबलावर पसरली. म्हणालो, मिस्त्रींना मी दिलेल्या कागदाची ही दुसरी प्रिंट. ह्यावर ब्याण्णव आहे. मी नक्कल नीट केली नाही, त्यात जुन्या पंपाची फाइल बदलली.

"ऐकू येत न्हाय, साहेब!" भट्टीकडून कुणीतरी ओरडलं. "ब्लोअर चालू हाय! मोठ्यानं म्हणा की!"

मालकांनी भट्टीत वारा मारणारा तो ब्लोअर बंद करायला सांगितलं नाही. मला वाटतं ते बरोबरच केलं त्यांनी. मी श्वास घेतला आणि गळ्याच्या शिरा ताणून, आयुष्यात कधी बोललो नसेन इतक्या मोठ्यानं, मिस्त्रींकडे बघत बोललो :

"मिस्त्री, चूक माझी होती. पॅटर्न तुम्ही कागदाबरहुकूम केला होता, कागद माझा चुकला होता. तुम्ही माझ्याकडे येऊन विचारलं होतं, आणि मी बघितलं नाही. नंतर मी फाइल बदलून दुसरा कागद आणला, आणि इथंच, ह्या सगळ्यांसमोर, मला आठवत नाही म्हणून खोटं बोललो. मला आठवत होतं. तेव्हाही आठवत होतं. तुमचं नाव मी घालवलं. मला माफ करा."